उंटाच्या मदारीत पाणी नसतंच! मग तो वाळवंटात तहान कशी काढतो?

मंडळी, उंट पाठीवरच्या मदारीत, म्हणजे कुबडात, पाणी भरून ठेवतो आणि मग दिवसेंदिवस तेच पुरवून पुरवून वापरतो, हे तुम्हीही लहानपणी ऐकलं असेलच. प्रत्यक्षात त्या मदारीत असते चरबी. खायला मिळालं नाही की ती कामी येते. लांबच्या प्रवासात मदार लुळी पडते ती म्हणूनच.

आता कोणी म्हणेल, चरबी जळताना शरीरात पाणी तयार होतंच की! बरोबर आहे. पण चरबी जाळायला ऑक्सिजन लागतो, त्यासाठी श्वास घ्यावा लागतो आणि वाळवंटाच्या कोरड्या हवेत प्रत्येक उच्छ्वासाबरोबर ओलावा बाहेर पडतो. म्हणजे आलेलं पाणी तिथंच खर्च.

मग उंटाची खरी युक्ती काय? तर पाणी जाऊच न देणं.

१९५० च्या दशकात क्नुट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने अल्जीरियातल्या सहारा वाळवंटात जाऊन उंटांचा अभ्यास केला. पाणी न मिळालेल्या उंटाच्या शरीराचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरतं आणि दुपारी ४० च्याही वर जातं, असं त्यांना दिसलं. आपल्याला ४० ताप आला तर घरात धावपळ सुरू होते. उंट मात्र तेवढं तापेपर्यंत घाम गाळायची घाई करत नाही. दिवसभर अंगात साठलेली उष्णता तो रात्रीच्या गारव्यात सोडून देतो, तीही फुकटात, पाण्याचा थेंब न खर्चता. त्यांनी एका उंटाची लोकर कातरूनही पाहिली. आपल्याला वाटेल, बरं झालं, गार वाटलं असेल. पण झालं उलटंच. त्याचं पाणी जवळपास दीडपट वेगाने खर्च होऊ लागलं! ती जाड लोकर बाहेरची उष्णता आत येऊ देत नव्हती.

एवढं करूनही उंटाच्या अंगातलं पाणी घटत जातंच. वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतकं पाणी गेलं तरी तो तग धरतो. माणसाचा जीव त्याच्या निम्म्यातच धोक्यात येतो. आणि पाणी दिसलं की उंट दहा मिनिटांत शंभरेक लिटर पिऊन मोकळा होतो. इतर प्राण्यांच्या रक्तपेशी एवढ्या पाण्याने फुटतील, पण उंटाच्या लंबगोल पेशी फुगल्या तरी टिकून राहतात.

पाणी राखायची हीच गोष्ट झाडांनाही साधली आहे. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या सोनोरन वाळवंटात सग्वारो नावाचा उंच निवडुंग असतो. हा पाऊस पडला की खोडात पाणी भरून घेतो, अगदी खोडाच्या घड्या उलगडून फुगतो. पण साठवलेलं टिकवायचं कसं? बहुतेक झाडं हवा आत घ्यायला दिवसा रंध्रं उघडतात आणि त्याच वाटेने पाणी गमावतात. सग्वारो ती रात्री उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं बंद करून त्यातून अन्न बनवायचं. या काटकसरीची किंमत म्हणजे वाढ भयंकर संथ. पहिल्या आठ वर्षांत हे रोप जेमतेम तीन-चार सेंटिमीटर होतं! आपल्याकडे बांधावर लावतात तो घायपात मूळचा मेक्सिकोकडचाच, आणि त्याचीही पद्धत हीच, बरं का.

याच भागातला कांगारू रॅट हा इवलासा प्राणी तर आणखी पुढचा. तो आयुष्यभर पाणी प्यायला नाही तरी चालतं. कोरड्या बिया पचवताना शरीरात जे थोडं पाणी बनतं, त्यावरच त्याचं भागतं. दिवसभर तो बिळात असतो. तिथली हवा थंड आणि दमट, त्यामुळे श्वासातून पाणी कमी जातं. लघवीही अगदी घट्ट, मोजून-मापून.

पण पक्ष्यांनी काय करावं? बहुतेक पक्षी बिळात राहत नाहीत आणि दिवसा वावरतात. ऊन वाढलं की ते धापा टाकतात, म्हणजे पाणी उडवून अंग थंड ठेवतात. ऊन जेवढं जास्त, तेवढं पाणी जास्त.

याचा परिणाम कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात दिसला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ ग्रिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या पक्ष्यांच्या बारकाईने नोंदी केल्या होत्या. बर्कलीच्या संशोधकांनी पुन्हा त्याच ६१ ठिकाणी जाऊन मोजणी केली. २०१८ मध्ये निष्कर्ष आला: प्रत्येक ठिकाणच्या सरासरी ४३ टक्के जाती दिसेनाशा झाल्या आहेत. पाऊस घटला, उष्णता वाढली. अंग थंड ठेवायला ज्या जातींना आता जास्तीचं पाणी लागतं, त्यांनाच जास्त फटका बसला.

त्याच वाळवंटातल्या उंदीरवर्गीय छोट्या सस्तन प्राण्यांची मोजणी झाली, तर ते बहुतांशी जागच्या जागी होते. एकच ऊन, एकच दुष्काळ, फरक फक्त बिळाचा.

त्या पाहणीत ठळकपणे वाढलेला पक्षी एकच निघाला: रॅव्हन, म्हणजे आपल्या कावळ्याचा मोठा भाऊबंद. त्याला माणसाच्या वस्तीत, कचऱ्याच्या ढिगाऱ्यांवर अन्नपाणी मिळतं ना!