तथ्य-कोष्टक आणि परिमाण-कोष्टक : पालघरच्या निमित्ताने

डेटा वेअरहाउस म्हणजे माहितीचे कोठार. त्यातील तथ्य-कोष्टकात मोजलेल्या राशी नोंदवितात. त्या कोठल्या, केव्हाच्या व कशाच्या, याचे वर्णन परिमाण-कोष्टकात असते. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर पहिले क्रियेच्या स्थानी आहे, दुसरे कारकांच्या. क्रमांकरूप किल्ली दोहोंना जोडते.

हा भेद केवळ सोयीचा नव्हे. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती; बोईसर-तारापूरची गणना तीतच झाली होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. आता स्थल-परिमाणात बोईसरपुढील ‘ठाणे’ खोडून ‘पालघर’ लिहिले, तर तथ्य-कोष्टकातील एकही आकडा न बदलता २०११ ची जिल्हावार बेरीज बदलते व मूळ अहवालाशी जुळत नाही. यास्तव जुन्या ओळीस समाप्तिदिनांक द्यावा आणि नवी ओळ नव्या किल्लीने घालावी. रॅल्फ किंबॉल यांच्या वर्गीकरणात मंदगतीने बदलणाऱ्या परिमाणाचा हा दुसरा प्रकार होय.

मात्र दोन काळांची तुलना करावयाची असल्यास विद्यमान जिल्हा दर्शविणारा निराळा स्तंभही हवा. एरवी ठाण्यातून सुमारे तीस लक्ष माणसे नाहीशी झाल्याचा भास होईल.