निवृत्तीचा पैसा आणि ख्रिस्ती कारभारीपण

सेवानिवृत्तीच्या वेळी हाती येणारी भविष्यनिर्वाह निधीची व ग्रॅच्युइटीची रक्कम ही बहुतेक नोकरदारांनी आयुष्यात एकदाच पाहिलेली मोठी रक्कम असते. दुर्दैवाने ती हाती येण्यापूर्वीच तिची वाटणी झालेली असते. मुलाला सदनिकेसाठी पैसे हवे असतात, मुलीचे लग्न ठरलेले असते, घरावर मजला चढवायचा असतो. आईवडील आनंदाने देऊन मोकळे होतात आणि पुढे औषधांच्या खर्चासाठी मुलांच्या तोंडाकडे पाहण्याची पाळी त्यांच्यावर येते.

याविषयी पवित्र शास्त्रात अतिशय रोखठोक मार्गदर्शन आहे. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये समाविष्ट असलेल्या बेनसिराच्या ग्रंथाचा ३३ वा अध्याय अवश्य वाचावा. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील हा ज्ञानी शिक्षक सांगतो की, जिवंत असेपर्यंत आपली मालमत्ता कोणाच्याही, अगदी मुलाच्याही हाती सोपवू नये. आपण मुलांपुढे हात पसरण्यापेक्षा मुलांनी आपल्याकडे मागणे बरे. वारसा वाटायचा तो अखेरच्या घटकेला. हा उपदेश काहींना कठोर वाटेल. परंतु याच ग्रंथाच्या ३ ऱ्या अध्यायात वृद्ध पित्याचा सांभाळ करावा, त्याची बुद्धी मंदावली तरी त्याचा अनादर करू नये, असे मुलांनाही बजावले आहे. दोन्ही अध्याय एकत्र वाचले म्हणजे त्यातील शहाणपण ध्यानी येते.

देवावर विश्वास आहे तर साठवण कशाला, असाही प्रश्न काही भाविक विचारतात. लूकच्या शुभवर्तमानातील मूर्ख धनवानाचा दाखला त्यासाठी पुढे केला जातो. मात्र त्या माणसाचा दोष कोठार बांधण्यात नव्हता. साऱ्या विचारात त्याला स्वतःखेरीज कोणी दिसले नाही, ना देव ना शेजारी, हा त्याचा दोष होता. मिसर देशात योसेफानेही कोठारे भरली. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा राखून ठेवला म्हणून दुष्काळात लोक जगले.

आता व्यवहाराकडे वळू. महागाई दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढली तर सुमारे १२ वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठाव्या वर्षी महिना २०,००० रुपयांत चालणारे घर बहात्तराव्या वर्षी ४०,००० आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी ८०,००० रुपये मागेल. म्हणून सर्व व्याज खर्चून टाकू नये. त्यातील काही भाग मुद्दलात परत घालावा. टपाल कार्यालयात व बँकांत मिळणाऱ्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ साली १५ लाखांवरून ३० लाख रुपये झाली. तिचे व्याज दर तीन महिन्यांनी मिळते. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. त्यात मुद्दल व व्याज दोन्ही आले, आणि एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवल्याने ते दुप्पट होत नाही. येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी : सहकारी बँकेला हा विमा लागू असतो, पतसंस्थेला नसतो. संचालक आपल्याच धर्मग्रामातील आहेत, दर रविवारी मिस्साला दिसतात, एवढ्या आधारावर जन्माची पुंजी अधिक व्याजासाठी एकाच पतसंस्थेत ठेवणे सुज्ञपणाचे नाही. भरवसा माणसावर असावा. हिशेब मात्र कागदावर पाहावा.

घर किंवा वाडी मुलांच्या नावे करताना तर फारच सावध असावे. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर आईवडिलांचा सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम २३ नुसार अशी अट मोडल्यास न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्द ठरवू शकते.

त्यापेक्षा मृत्युपत्र करणे उत्तम. ते जिवंतपणी केव्हाही बदलता येते. मृत्युपत्र म्हणजे अपशकुन, ही समजूत आपल्या लोकांतही आहे, याचे नवल वाटते. आपल्याला भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मुले असतील, तर पत्नीला पतीच्या मालमत्तेचा केवळ एक तृतीयांश वाटा मिळतो; उरलेला मुलामुलींत समान वाटला जातो. ज्या घरात तिने आयुष्य काढले त्याच घरात ती अल्प हिस्सेदार ठरते. पतीने चार ओळी लिहून ठेवल्या तर हे टळते. दोन साक्षीदार हवेत आणि त्यांपैकी कोणालाही मृत्युपत्राने काही दिलेले नसावे. अन्यथा ती देणगी निष्फळ होते. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे; तेथे सक्तीच्या वारसांचा हिस्सा राखीव असतो.

दानधर्माचे काय? मंदिरातील गरीब विधवेने दोन नाणी टाकली तेव्हा प्रभू येशूने तिची प्रशंसा केली. मात्र देवाला अर्पण केले असे सांगून आईवडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांचा त्याने कडक समाचारही घेतला आहे. तेव्हा जोडीदाराच्या औषधांचे पैसे देणगीपेटीत घालणे त्याला रुचेल असे वाटत नाही. दान पेन्शनमधून नियमित, थोडे पण ठरवून द्यावे. मृत्युपत्राद्वारे धर्मादाय कार्याला द्यायचे असल्यास पूर्वी जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीवर कलम ११८ चे निर्बंध होते : मृत्युपत्र मृत्यूच्या किमान बारा महिने आधी केलेले असावे लागे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली हे कलम घटनाबाह्य ठरवले. ही बातमी अजून अनेकांपर्यंत पोहोचलेली नाही. त्यामुळे अनाथाश्रमाला, वृद्धाश्रमाला किंवा एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणाला काही ठेवण्याची इच्छा असेल, तर ती निःशंकपणे लिहावी, आणि मूळ प्रत कोठे ठेवली आहे हे जोडीदाराला सांगून ठेवावे.