साद नराची, कान मादीचे, कळ संप्रेरकांची

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात, सॉसालिटोच्या काठाला हाउसबोटींची वस्ती आहे. १९८० च्या दशकात तिथल्या रहिवाशांची झोप एका अखंड घुमणाऱ्या आवाजाने उडाली. पंपांपासून लष्कराच्या गुप्त प्रयोगांपर्यंत नाना तर्क झाले. शेवटी कळलं, हे मिडशिपमन नावाच्या माशाचे नर आहेत.

एरवी हा मासा खोल पाण्यात असतो. वसंत सरत आला की नर उथळ किनाऱ्यावर येतो, दगडाखाली घर करतो आणि रात्री मादीला साद घालतो. पोटातल्या हवेच्या पिशवीला चिकटलेले त्याचे स्नायू सेकंदाला सुमारे १०० वेळा आकसतात. ही घुमघुम कधीकधी तासाहून अधिक चालते.

संप्रेरकं गळ्याला सूर देतात, हे पक्ष्यांमुळे ठाऊक होतं. फर्नांडो नॉटेबोम यांच्या प्रयोगांत टेस्टोस्टेरॉन दिलेल्या कॅनरी माद्या नरासारख्या गाऊ लागल्या होत्या. मिडशिपमनने दाखवलं की ऐकणाऱ्याचा कानही संप्रेरकं बदलतात.

नराच्या सादेत मूळ खर्जासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही असतात. उथळ पाण्यात खर्ज लवकर विरतो, वरचे सूर दूर जातात. हिवाळ्यात मादीच्या कानाला हे वरचे सूर नीट लागतच नाहीत. विणीचा हंगाम जवळ आला की तिच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढतं आणि तिचा आतला कान नेमके तेच सूर टिपू लागतो. जोसेफ सिसनेरोस, अँड्र्यू बास आणि सहकाऱ्यांनी हंगाम नसताना माद्यांना ही संप्रेरकं दिली, तेव्हा त्यांचे कान हंगामातल्यासारखेच तीक्ष्ण झाले. हे संशोधन २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं.

साद रात्रीच का, याचं उत्तर २०१६ मध्ये बास यांच्याच प्रयोगशाळेत मिळालं. सतत उजेडात ठेवलेल्या नरांची साद जवळजवळ बंद पडली. अंधारात स्रवणाऱ्या मेलाटोनिनसारखं द्रव्य देताच ती पुन्हा सुरू झाली.

म्हणून किनाऱ्यावरचे झगमगते दिवे आणि साद बुडवू शकणारी जहाजांच्या इंजिनांची घरघर यांचा विचार गांभीर्याने व्हायला हवा. साद आणि कान यांची वेळ जुळली, तरच पुढची पिढी जन्माला येते. ती वेळ अंधार आणि ऋतू ठरवतात. किनारे जपायचे, तर तिथला अंधार आणि शांतताही जपावी लागेल.