हरियलचे पाय पिवळे, हे रंगाऱ्याला कुणी सांगितलं?

मित्रहो, आपण राजूरला बसलो आहोत, तेव्हा सुरुवात इथल्याच डोंगरापासून करू. हरिश्चंद्रगडावरून दिसणाऱ्या गोल इंद्रधनुष्याचं वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३५ साली छापलेल्या निबंधात केलं. त्याच साइक्स यांची दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात एका रातव्याला त्यांनी नाव दिलं ‘महराट्टेन्सिस’, म्हणजे मराठी मुलखातला.

पण नुसत्या यादीवरून लंडनच्या वाचकाला पक्षी दिसणार कसा? त्यासाठी चित्र हवं. तेव्हा चित्रकार चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनं चित्र काढी. दगड ओला करून शाई फिरवली, की ती फक्त तेलकट रेघांना धरी. कागदावर उमटे ते काळं चित्र. रंग मात्र प्रत्येक प्रतीवर हातानं भरावा लागे, समोर ठेवलेल्या नमुन्याबरहुकूम. जॉन गूल्ड यांच्या हिमालयातल्या पक्ष्यांवरच्या ग्रंथात अशी ८० चित्रं आहेत. ती दगडावर काढली त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी. हिमालय न पाहता, लंडनला आलेल्या वाळक्या कातड्यांवरून.

आता खरी अडचण इथे आहे. पिसांचा रंग कातड्यावर बराच टिकतो. डोळे, चोच आणि पाय यांचा मात्र लवकर उतरतो. आपला राज्यपक्षी हरियल घ्या. त्याचे पाय पिवळे. सह्याद्रीतल्याच त्याच्या एका भाईबंदाचे लाल. म्हणजे ओळखीची मोठी खूण पायात, आणि कातड्यात हरवते तीच! म्हणून जाणता संग्राहक पक्षी ताजा असतानाच हे रंग चिठ्ठीवर टिपून ठेवी.

म्हणजे बघा, असं चित्र वाटतं प्रत्यक्ष, पण असतं शब्दप्रमाण. रंगाऱ्यानं नमुना पाहिला, नमुना करणाऱ्यानं चिठ्ठी वाचली, आणि जिवंत पक्षी पाहिला तो फक्त चिठ्ठी लिहिणाऱ्यानं. न्यायदर्शनात शब्द प्रमाण ठरतो तो सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासू जाणकार असेल तरच. चिठ्ठी चुकली, तर साऱ्या प्रती तितक्याच सुबकपणे चुकतात. सौंदर्य काही साक्षीला उभं राहत नाही.

तुमच्यापैकी जे पक्ष्यांची चित्रं काढतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. कोपऱ्यात तारीख आणि ठिकाण लिहा. पायांचा, डोळ्यांचा रंग स्वतः पाहिला की पुस्तकातून घेतला, तेही लिहा. उद्या ते चित्र पाहणाऱ्यासाठी आप्त तुम्हीच असणार आहात.