समाजशास्त्र शिकून पुढे काय?

आपल्या व्यापारी कुटुंबांतील मुले बारावीनंतर बहुधा वाणिज्य शाखाच निवडतात. सी.ए., एम.बी.ए. किंवा घरची पेढी हे मार्ग परिचयाचे आहेत. अशा घरातील मुलीने ‘मला समाजशास्त्र घ्यायचे आहे’ असे म्हटले, की वडीलधारी मंडळी विचारतात, ‘त्यातून मिळणार काय?’ प्रश्न रास्त आहे; म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

समाजशास्त्र कुटुंब, जात, व्यवसाय, स्थलांतर यांची रचना उलगडते. मानववंशशास्त्र लोकांमध्ये राहून त्यांचे रीतिरिवाज आणि नातेसंबंध त्यांच्याच दृष्टीने समजून घेते. बँकेत कर्जमंजुरीपूर्वी आम्ही ताळेबंद तपासत असू. परंतु घरात निर्णय कोण घेतो, उसनवारी कोणाशी चालते, लग्नकार्यात किती खर्च करावाच लागतो, हे ताळेबंदात उमटत नाही. सेवाक्षेत्रात काम करणाऱ्याला नेमके हेच ओळखावे लागते.

गडचिरोलीचे उदाहरण बोलके आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे कार्य आरंभिले. आदिवासी रुग्णालयात का येत नाहीत, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीचे भय वाटते, रुग्णाजवळ आप्तांना राहता येत नाही, असे लोकांनी सांगितले. त्यानुसार झोपड्यांच्या गावासारखे रुग्णालय उभे राहिले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव देण्यात आले. औषधोपचाराइतकेच ऐकून घेणेही तेथे महत्त्वाचे ठरले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील इरावती कर्वे यांनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली. ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. जमिनीचा मोबदला रुपयांत मांडता येतो. भावकी आणि शेजार दुरावल्याचा हिशेब मांडण्यास मात्र निराळी दृष्टी लागते.

आता उपजीविकेचा प्रश्न. केवळ बी.ए. पदवीवर थांबणे पुरेसे नाही. त्यानंतर समाजकार्यातील एम.एस.डब्ल्यू. करावे, त्यात वर्गाबरोबरच प्रत्यक्ष क्षेत्रकार्यही असते. १९३६ मध्ये स्थापन झालेली मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, मुंबईतील निर्मला निकेतन आणि पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था यांसाठी प्रसिद्ध आहेत. रुग्णालये, बालकल्याण संस्था, कुटुंब समुपदेशन केंद्रे, वृद्धाश्रम येथे अशा पदवीधरांना संधी असते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे अपेक्षित असल्याने तेथेही जाणकार माणसे लागतात. संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत हे दोन्ही विषय वैकल्पिक म्हणून घेता येतात. प्रारंभीचे वेतन सी.ए.च्या तुलनेत बेताचे असते, ही गोष्ट मात्र मुलांपासून लपवू नये.

आपल्या घराण्यांतून शिष्यवृत्त्या, दवाखाने आणि धर्मशाळा यांसाठी उदारहस्ते दान दिले जाते. माल घेताना आपण पारख करतो. मग दान योग्य ठिकाणी पोहोचते की नाही, हे जाणणारे माणूस घरातच तयार होत असेल तर त्याला अडवावे कशाला? मुलीला नकार देण्याआधी सुट्टीत महिनाभर एखाद्या सेवाभावी संस्थेत काम करू द्यावे. लोकांचे म्हणणे शांतपणे ऐकण्याचा धीर तिच्यात आहे, असे दिसले तर प्रवेश अर्जावर आनंदाने स्वाक्षरी करावी.