मण्यारीचं विष आणि जागा मेंदू

सोयाबीन कमरेला लागलेलं, तुरी वर निघालेल्या, रात्रभर पावसाची झड. मुखेड, कंधार, अहमदपूर, उदगीरकडच्या गावांत याच दिवसांत पहाटे कुणी तरी पोट दुखतंय म्हणून उठतं. घरचे पित्त समजून सोडा देतात. मग पापण्या जड होतात. रात्री झोप झाली नसेल, असं वाटतं. थोड्या वेळाने पाणी गिळवेनासं होतं, बोलणं बोबडं होतं. अंगावर जखम नाही, सूज नाही, साप कुणी पाहिलेला नाही. खाली अंथरूण टाकून झोपलेल्या त्या माणसाला मण्यार चावून गेलेली असते. तिचे दात इतके बारीक की झोपही मोडत नाही.

रुग्णवाहिकेवर काम शिकणाऱ्या मुलामुलींना शरीराचं बिघडणं आणि औषधाचं काम एकत्र शिकवायचं, तर यापेक्षा चांगला धडा मला दिसत नाही.

मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत येतो, पण तंतूचं टोक स्नायूला चिकटलेलं नसतं. मध्ये फट असते, एका मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाएवढी. तंतूच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत ॲसिटिलकोलिन हे रसायन भरलेलं असतं. हुकूम आला की पिशव्या फुटतात, रसायन फट ओलांडून समोर स्नायूवरच्या ग्राहकांवर (रिसेप्टर) बसतं आणि स्नायू आखडतो. पापणी उचलणं, घास गिळणं, श्वास घेणं, सगळं या एवढ्याशा फटीवर चालतं.

नाग आणि मण्यार दोघंही ही फटच गाठतात, पण वेगवेगळ्या काठांवर. नागाचं विष स्नायूच्या बाजूच्या ग्राहकांवर जाऊन बसतं. कुलपात दुसरीच किल्ली अडकून बसावी तसं. मण्यारीच्या विषातला मुख्य घटक अलीकडच्या काठावर, तंतूच्या टोकावरच घाला घालतो. पिशव्या रित्या होतात आणि ते टोकच निकामी होतं.

म्हणूनच दोन्हींत लुळेपणा सारखा दिसला तरी औषधाचा गुण सारखा येत नाही. निओस्टिग्मिन हे औषध ॲसिटिलकोलिन मोडणाऱ्या विकराला थांबवतं. रसायन फटीत साठतं, विषाशी झटापट करून ग्राहकांवर जागा मिळवतं आणि नागदंशात मिटलेली पापणी डोळ्यांदेखत वर येऊ शकते. त्याच्या सोबत ॲट्रोपिन द्यावंच लागतं, नाही तर तेच वाढलेलं रसायन लाळ सोडतं आणि हृदयाची गती उतरवतं. मण्यारीच्या दंशात मात्र फटीत रसायन उतरतच नाही. मग साठणार काय?

घोड्यांच्या रक्तातून तयार होणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालते. ती रक्तात फिरणारं विष निष्प्रभ करते, पण मोडलेलं टोक जोडू शकत नाही. म्हणून प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. आणि लहान मुलाला लस मोठ्या माणसाएवढीच लागते, कारण मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही.

मला सगळ्यात थक्क करतं ते पुढचं. मण्यारीचं हे विष मेंदूला लुळं करत नाही. हृदय स्वतःच्या ठेक्यावर चालत राहतं. रुग्णाचे डोळे उघडत नाहीत, बाहुल्या विस्फारून स्थिर होऊ शकतात, चिमटा काढला तरी हात हलत नाही. पाहणाऱ्याला वाटतं, संपलं. आत तो माणूस शुद्धीवर असू शकतो, सगळं ऐकत असू शकतो. श्वासपटल थांबलेलं असतं, एवढंच. तेवढं काम हवेची पिशवी (अंबू बॅग) दाबून किंवा व्हेंटिलेटरवर कुणी करत राहिलं, तर काही दिवसांत तंतूची टोकं पुन्हा उगवतात आणि माणूस उठून बसतो.

तेव्हा गाडीतल्या विद्यार्थ्याने दर थोड्या वेळाने रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला लावावेत. मघाशी वीसपर्यंत गेलेला आता आठवर थांबला, तर अंबू बॅग हातात घ्यायची वेळ आली. मान उशीवरून उचलता येते का, हेही पाहावं. आणि त्याच्याशी बोलत राहावं.

घोणशीची तऱ्हा निराळी. तिचं विष रक्त गोठवण्याची यंत्रणाच इतकी पेटवतं की गोठवणारी द्रव्यं खर्च होऊन जातात आणि रक्त पातळच राहतं. ते ओळखायला कोरडी, स्वच्छ काचेची परीक्षानळी पुरते. दोन मिलिलिटर रक्त, वीस मिनिटं न हलवता उभं, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं की लस सुरू. नळी काचेचीच हवी, कारण काचेचा स्पर्शच गोठण्याची साखळी सुरू करतो. प्लॅस्टिकमध्ये ते होत नाही. घोणशीच्या याच विषाचा उपयोग १९३४ साली इंग्लंडमध्ये मॅकफर्लेन यांनी हिमोफिलियाच्या रुग्णांचं रक्त थांबवायला केला. फुरशाच्या विषातल्या एका प्रथिनाच्या नमुन्यावरून टिरोफिबान हे हृदयविकारातलं औषध बेतलं गेलं.

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेडला डॉ. दिलीप पुंडे यांनी वर्षानुवर्षं सर्पदंशाचे रुग्ण पाहिले आणि ग्रामीण महाराष्ट्रातल्या दहा वर्षांच्या अनुभवावरचा त्यांचा निबंध २००५ साली ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त आला. तालुक्याच्या गावी बसून लिहिलेला तो निबंध विद्यार्थ्यांनी वाचावाच.

पावसाळ्यात बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा. पहाटे पोटात दुखून पापण्या मिटू लागल्या, तर दंश दिसो वा न दिसो, १०८ ला फोन करा. पान लागलं म्हणून आवळपट्टी बांधू नका, चिरू नका, देवळात नेऊ नका. चावलेला अवयव मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा आणि श्वासावर लक्ष ठेवत सरळ दवाखाना गाठा.