होल्स्टर-घडणीसाठी पिस्तुलाच्या प्रतिकृती

चामडी होल्स्टर, म्हणजे कमरपट्ट्याला अडकवायचे पिस्तुलाचे आवरण, घडविताना साचा म्हणून जी नकली पिस्तुले वापरतात, त्यांना होल्स्टर-घडणीच्या प्रतिकृती म्हणतात. त्या गोळी झाडू शकत नाहीत. खासगी मालकीची पिस्तुले मोठ्या प्रमाणावर असलेल्या अमेरिकेत हे काम कारखान्यांप्रमाणे घरगुती कारागीरही करतात.

घडण

या कामी वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेलेच चामडे लागते. क्रोमने कमावलेले चामडे दिलेला आकार धरून ठेवत नाही. (बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेले कोल्हापुरी चपलेचे चामडे पहिल्या प्रकारातले.) सुमारे ३ मिलिमीटर जाडीच्या चामड्याचे शिवलेले आवरण कोमट पाण्यात भिजवून त्यात प्रतिकृती बसवितात. मग हाडाच्या गुळगुळीत पट्टीने पिस्तुलाच्या कडा, खाचा व चापाभोवतीची कडी चामड्यावर उठवून ते सावकाश वाळू देतात. वाळलेल्या चामड्याची हीच पकड पिस्तूल जागेवर ठेवते.

खरे पिस्तूल साचा म्हणून वापरल्यास ते ओलाव्याने गंजते. शिवाय चामड्यातील टॅनिनचा लोखंडाशी संयोग होऊन काळे डाग पडतात. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई तयार होत असे, ती याच रासायनिक क्रियेने. कामाच्या मेजावर भरलेले शस्त्र येण्याचा धोका तर उघडच आहे.

निवड

पोलीस-प्रशिक्षणासाठी बनविलेल्या भरीव प्लॅस्टिकच्या प्रतिकृती होल्स्टरकारांनी आपल्याशा केल्या. फ्लोरिडातील रिंग्ज कंपनीच्या निळ्या 'ब्ल्यूगन्स' आणि एएसपी कंपनीच्या 'रेड गन्स' विशेष परिचित आहेत. रंग मुद्दाम भडक असतो, खऱ्याशी गल्लत होऊ नये म्हणून. ओतीव ॲल्युमिनियमचे साचे दाबयंत्राचा भार अधिक चांगला सोसतात, पण महाग पडतात.

छऱ्यांची एअरसॉफ्ट पिस्तुले स्वस्त असतात व दिसायला हुबेहूब असतात; परंतु आतील यंत्रणेसाठी त्यांची मापे अनेकदा किंचित बदललेली असतात आणि पोकळ अंग दाबाखाली तडकते. नळीच्या टोकाची नारिंगी खूण पुढे आलेली असेल, तर होल्स्टरही तेवढे लांबते. येथे दिसण्याला किंमत नाही, मापाला आहे. म्हणून प्रतिकृतीच्या वरच्या सरकत्या भागाची रुंदी आणि चापाच्या कडीची जाडी व्हर्नियर कॅलिपरने मोजून खऱ्या पिस्तुलाशी ताडून पाहणे इष्ट. एकाच नावाखाली भिन्न नमुने असतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. नळीखाली दिवा बसविण्याची पट्टी असलेले '१९११' पिस्तूल साध्या '१९११'वर घडविलेल्या होल्स्टरमध्ये सहसा नीट बसत नाही.

प्रतिकृती मोठी असल्यास पिस्तूल सैल बसते व धावताना निसटते. लहान असल्यास ते चटकन उपसता येत नाही. चापाच्या कडीत चामडे खोल शिरले, तर पिस्तूल ठेवताना चाप दाबला जाऊन गोळी सुटण्याची भीती असते. त्यामुळे ती पोकळी साच्यातच भरून घेतात. पुढील माशी चामड्याला घासू नये यासाठी प्रतिकृतीच्या माथ्यावर गोल लाकडी काडी चिकटपट्टीने बसवितात.